'ट्रेन टू बुसान' वाचनालयात दाखवायचाय : जमेच्या आणि लंगड्या बाजू सांगा (शेवट फुटणार आहे, न बघितलेल्यांनी जपून)

शहापूर_माग :
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात महिन्यातनं एक पिच्चर दाखवतो, वरच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून. तीस-पस्तीस माणसं येतात, त्यातली निम्मी माग बंद करून आलेली असतात. पिच्चर संपला की कुणीतरी दहा मिनिटं बोलायचं, मग चहा आणि वाद. यावेळी पोरांनी झोंबीचाच पाहिजे म्हणून हट्ट धरला आणि बोलायची पाळी नेमकी माझी. मी २०१६ चा कोरियन 'ट्रेन टू बुसान' निवडलाय. ११८ मिनिटांचा आहे, तीनदा बघून झाला, आणि जेवढ्या वेळा बघतो तेवढा जास्त आवडतो आणि तेवढ्याच जास्त गोष्टी खटकतात.

आवडलेलं आधी सांगतो. अख्खा पिच्चर जवळपास एका गाडीत घडतो, सोलहून बुसानला जाणारी फास्ट गाडी, त्यात एक बाप आणि त्याची लहान पोरगी. जागा अरुंद, पुढं डबा मागं डबा, पळायला तिसरी दिशाच नाही. बंदुका आपल्या माणसांच्या हातात एकदाही येत नाहीत. बेसबॉलची बॅट, पोलिसांची ढाल आणि हाताला गुंडाळलेली चिकटपट्टी, एवढ्यावर तीन माणसं डबे पार करतात. आणि झोंबींचे नियम सुरुवातीलाच कळतात आणि पुढं ते मोडत नाहीत : दिसलं तरच धावतात, अंधारात आंधळे, दार सरकवून उघडायचं डोकं नाही.

खटकलेलं म्हणजे तो बस कंपनीचा मोठा साहेब. इतका वाईट की त्याला बघून राग येण्याऐवजी कंटाळा येतो. दुसरं, बाप मरताना त्याला तान्ही पोरगी हातात घेतल्याचं आठवतं तो तुकडा, पांढराफेक उजेड आणि पियानो, बेबी पावडरच्या जाहिरातीसारखा. तिसरं, रोग आला कुठनं ते दोन वाक्यांत उरकलंय.

हे बरोबर आहे का सांगा. आणि दहा-बारा वर्षांच्या पोरांना बसू द्यायचं का?

खानापूर_जंगल :
बसू द्या. आमची पोरं याच्यापेक्षा भयानक मोबाईलवर बघून जेवतात.

लोंढा_जंक्शन :
रेल्वेत ३४ वर्षं काढली, म्हणून गाडीबद्दल बोलतो, बाकीचं तुम्ही बोला.

मला या पिच्चरमधली बोगद्याची कल्पना सगळ्यात जास्त आवडली. तुमच्यापैकी कॅसलरॉकहून गोव्यातल्या कुळ्याला उतरलेले बरेच असतील. तो ब्रागांझा घाट साधारण २६ किलोमीटरचा, चढ ३७ ला १, मागनं बँकर इंजिनं लावल्याशिवाय गाडी वर येत नाही. बोगद्यामागनं बोगदे. गाडी बोगद्यात शिरली की डब्यात काय होतं आठवा : आधी पोरं ओरडतात, मग अंधार, चाकांचा आवाज एकदम अंगावर येतो, शेजारी कोण बसलंय दिसत नाही, आणि उजेड आला की सगळेजण एकमेकांकडं असं बघतात जसं काही पहिल्यांदा भेटालेत. हे दर बोगद्याला होतं. दिग्दर्शकानं हीच साधी गोष्ट उचलली. अंधार आला की झोंबी थबकतात, मग ही माणसं सामान ठेवायच्या फळीवरनं सरपटत पुढं जातात, कुठंतरी फोन वाजवून त्यांना आवाजाकडं वळवतात, आणि उजेड यायच्या आत दार गाठायचं असतं. प्रेक्षकाला बोगदा किती लांब आहे माहीत नसतं. घाटात आमच्या लोकांना प्रत्येक बोगदा पाठ असतो, तरी तो सीन बघताना मी मनातल्या मनात आकडे मोजत होतो.

ड्रायव्हरबद्दलपण बोला तुमच्या दहा मिनिटांत. तो गाडी सोडत नाही, रस्ता बंद झाला तेव्हा लोकांना सांगून दुसरी गाडी बघायला खाली उतरतो, आणि मरतो तो दुसऱ्या माणसाला उठवायला गेला म्हणून. त्याच्याबद्दल कुणी दोन शब्द लिहीत नाही.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट :
मला पिच्चर आवडला पण एवढं डोक्यावर घ्यायचं कारण कळत नाही. माग साहेब म्हणाले नियम मोडत नाहीत. मोडतात. चावल्यावर माणूस किती वेळात झोंबी होतो याचं घड्याळ बघा. गर्दीतला माणूस चावला की पाच-दहा सेकंदांत मान वाकडी करून उठतो. आणि बाप चावला की त्याला पोरीशी बोलायला वेळ, ब्रेक कुठला ते शिकवायला वेळ, मागं जाऊन उभं राहायला वेळ, वर ती जुनी आठवण यायला वेळ. गरोदर बाईचा नवरा झालेल्या मा दोंग-सोकला पण तसाच वेळ. म्हणजे ज्याचं नाव आपल्याला माहीत आहे त्याला रोग हळू चढतो. हा लबाडीचा नियम आहे आणि पिच्चरची सगळ्यात मोठी लंगडी बाजू हीच.

अजून एक. वाटेतल्या देजॉन स्टेशनच्या सीनपर्यंत ॲक्शन वरवर चढत जाते. जिना उतरताना खालनं सगळे फौजीच झोंबी होऊन येतात तिथं मी उठून बसलो होतो. त्यानंतर तेच तेच, काच, दार, ढकलाढकली.

तिसरं_गेट_टिळकवाडी :
नाईटशिफ्ट, तुमचा घड्याळाचा मुद्दा मला पटतो आणि पटत नाही. मी नर्स आहे. विष चढायला वेळ कमीजास्त लागतो हे रोज बघते, कुठं चावलं, किती खोल चावलं, माणूस केवढा. पिच्चरमध्ये बापाला हाताला चावलंय, गर्दीतल्यांना मानेला. तेवढं कारण तरी दिलंय असं मी धरते. पण मा दोंग-सोकलापण हातालाच चावलंय आणि तरी तो दाराला पाठ लावून अख्खा जमाव अडवतो, तिथं तुमचंच बरोबर.

आता माझी तक्रार. माग दादांनी जमेच्या बाजूत गरोदर बाईचं नावच घेतलं नाही. सोंग-क्योंग. ओला कागद काचेवर चिकटवायची युक्ती कुणाची? तिची. सगळे आरडाओरडा करत असताना तिनं बघितलं की ही माणसं आपल्याला बघून चवताळतात, म्हणून पाणी मारून वर्तमानपत्र काचेला लावलं आणि पलीकडचे एकदम शांत. अख्ख्या पिच्चरला पुढं नेणारी गोष्ट तिच्या हातनं घडते. आणि शेवटी इंजिन तीच चालवते, पोट पुढं आलेलं असताना. माझ्या ड्यूटीवर आठव्या महिन्यातल्या बायका बसमधनं उभ्यानं येतात, मला ती बाई खोटी वाटली नाही.

गाडीतल्या बेसबॉल टीमबरोबरच्या पोरीबद्दल मात्र तक्रार खरी आहे, तिला मरायला ठेवलंय फक्त.

शहापूर_माग :
मान्य, ताई. सोंग-क्योंगचं नाव माझ्या कागदावर नव्हतं, आता सगळ्यात वर लिहिलं. घड्याळाचा मुद्दापण घेतो. लोंढा काका, बँकर इंजिनाचं एक वाक्य मी तुमच्या नावानं सांगणार, चालेल ना?

लोंढा_जंक्शन :
सांगा की. पण इंजिन मागनं ढकलतं असं सांगा, ओढतं म्हणू नका.

आणि शेवटी ते एकटं इंजिन घेऊन पळतात ना, त्याला आम्ही लाइट इंजिन म्हणतो. पोरं विचारतील.

निपाणीकर :
उशिरा लिहालोय. दोन दिवस धागा वाचत होतो, लिहू का नको असं चाललं होतं.

माग, तुम्ही त्या साहेबाला लंगडी बाजू म्हणालात, माझं मत उलट आहे. त्याच्याकडं एकट्याकडं बघू नका, पंधरा नंबरच्या डब्याकडं बघा. आपली माणसं झोंबींचे डबे पार करून दारापर्यंत येतात आणि आतले लोक दार धरून बसतात. साहेब ओरडतो हे खरं, पण दार एकटा साहेब धरत नाही. साधी माणसं धरतात. पोरंबाळं असलेली. आणि आत घेतल्यावरपण यांना रोग झालाय म्हणून पुढच्या जागेत हाकलतात आणि दार बांधून टाकतात.

२०२१ ला कोरोनात सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर काय चाललं होतं आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको. महाराष्ट्रातनं यायचं तर आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवा. आमचं सगळं कोल्हापूरला, दवाखाना कोल्हापूरला, पोरी दिलेल्या कागलला. आमच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तपासणी करून परत येताना नाक्यावर अडीच तास उन्हात. रिपोर्ट आदल्या दिवशी मुदत संपलेला. शेवटी सोडलं, सोडणारा पोलीसपण दमलेला माणूस होता, त्याला दोष देत नाही.

पण त्याच्या आधीच्या वर्षी, २०२० च्या उन्हाळ्यात, गावात पुण्याहून पोरं आली चालत, टेम्पोतनं, कशीबशी. गावानं वेशीवर बाभळीची काटेरी झुडपं आडवी टाकली. त्यांना शाळेत ठेवलं, चौदा दिवस. जेवण वेशीवर ठेवायचं आणि मागं सरायचं. त्यातला एक माझ्या चुलत्याचा पोरगा. झुडपं टाकणाऱ्यांत मी होतो. फांदी ओढताना हाताला काटा लागलेला, तो आठवडाभर ठणकत होता.

त्या डब्यात साहेब नसता तरी दार बंदच राहिलं असतं. म्हणून तो सीन मला खरा वाटतो.

आणि साहेबाचा शेवट परत बघा. डोळे पांढरे व्हायच्या आधी तो लहान पोरासारखा म्हणतो भीती वाटालीय, घरी सोडा, आई वाट बघतेय, आणि घरचा पत्ता सांगतो. तेवढ्या एका मिनिटात तो माणूस होतो. दिग्दर्शकाला तो नुसता वाईट दाखवायचा असता तर हे मिनिट ठेवलं नसतं.

खानापूर_जंगल :
निपाणीकर, तो चुलत भाऊ आता बोलतो का?

निपाणीकर :
बोलतो. मागच्या दिवाळीला फराळाला आला होता. शाळेचा विषय दोघंही काढत नाही.

मांडे_तूप :
निपाणीकर, वाचून डोळे भरले. आमच्याकडंही तेच झालं होतं, फरक एवढाच की आमच्या गल्लीत बांबू होते.

दोन म्हाताऱ्या बहिणी आठवतात का या पिच्चरमधल्या? एक मागं राहते, दुसरी त्या पंधरा नंबरच्या डब्यात. काचेपलीकडं बहिणीला झोंबी झालेली बघते, आणि इकडं ही माणसं काय वागली तेपण तिनं बघितलेलं असतं, आणि मग ती शांतपणे दार उघडते. मला तो सीन सगळ्यात भारी वाटला आणि सगळ्यात अवघडपण. तिनं बरोबर केलं का? त्या डब्यात सगळेच काही दार धरून बसलेले नव्हते. आमच्या घरात यावरनं जेवण थांबलं होतं. सून म्हणाली बरोबर केलं, मी म्हणाले नाही.

माग, याच्यावर लोकांना बोलायला लावा, तुमची दहा मिनिटं वाचतील.

कागवाड_ऊस :
कोरियन कशाला, आपला 'झोंबिवली' दाखवा की! आदित्य सरपोतदारचा, २०२२ च्या २६ जानेवारीला आला होता. अमेय वाघ, ललित प्रभाकर, वैदेही परशुरामी. मराठीत झोंबीचा पिच्चर काढायची छाती लागते. उंच इमारत आणि शेजारची वस्ती यांचं भांडण घेतलंय, आणि पाण्याचा मुद्दा तर एक नंबर, पाणी कुणाला मिळतं आणि कुणाला नाही. उन्हाळ्यात कृष्णा आटली की आम्हाला तो मुद्दा कुणी समजावून सांगायला नको.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट :
झोंबिवली मलापण आवडला, पण तिथं हसायचं का घाबरायचं ते ठरत नाही. विनोद झाला की भीती पातळ होते. बुसानमध्ये हसायला लावणारा एकटा मा दोंग-सोक आहे, आणि तो मेल्यावर पिच्चर हसतच नाही. ते प्रमाण जमलंय त्यांना.

कागवाड_ऊस :
प्रमाण जमायला तिकडं आधी पैसा आहे आणि सवय आहे. आपल्याकडं पहिल्या काही प्रयत्नांतला एक आहे तो. आणि आमच्याकडं मराठी पिच्चर लागतो कधी, उतरतो कधी, कळतच नाही, मला मिरजेला जाऊन बघावा लागला. तरी गेलो.

शहापूर_माग :
ऊस दादा, पुढच्या महिन्यात झोंबिवली घेऊया, खरंच. दोन्ही लागोपाठ बघितले तर वस्ती आणि डबा यांची तुलनापण होईल.

गोकाकचा_बसू :
नमस्कार री सगळ्यांना. माझी घरची भाषा कन्नड, मराठी बाजारात आणि मित्रांत शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

एक विचारतो. तुम्ही हिंदी डबिंग दाखवणार का कोरियन? कोरियनच दाखवा री. कारण सांगतो. मी पहिल्यांदा हिंदीत बघितला, चांगला वाटला, झोपलो. दुसऱ्यांदा भावानं कोरियन लावला, खाली अक्षरं. ती पोरगी बापाला काय हाक मारते माहीत आहे का? आप्पा. अगदी आमच्यासारखं, आप्पा. आईला ओम्मा. मी पाणी प्यायला उठलो होतो, स्वयंपाकघरात होतो, मागनं आवाज आला "आप्पा" म्हणून आणि मी वळून बघितलं, माझीच पोरगी हाक मारालीय वाटलं. ती झोपलेली होती.

शेवटी बाप इंजिनाच्या मागं जातो तेव्हा ती पोरगी ओरडते ना, आप्पा आप्पा, ते मला पूर्ण बघवलं नाही. डबिंगमध्ये सगळं कळतं पण त्या पोरीचा गळा राहत नाही.

तिसरं_गेट_टिळकवाडी :
बसू, अंगावर काटा आला. आमच्या घरातपण वडिलांना आप्पाच म्हणतो, आम्ही मराठी. मी हे दोनदा बघितलं आणि दोन्ही वेळा हिंदीत. आज रात्री परत बघते.

निपाणीकर :
आमच्यात पण आप्पाच.

मांडे_तूप :
आमच्यात अण्णा. पण शेजारी आप्पा.

लोंढा_जंक्शन :
कोरियनच लावा. ज्यांना खालची अक्षरं वाचता येत नाहीत त्यांच्या शेजारी एकेक वाचणारा बसवा. आमच्या लहानपणी कन्नड पिच्चर आम्ही असेच बघितले, शेजारच्या काकू कानात सांगायच्या.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट :
बरं, त्या झोंबींच्या हालचालींबद्दल कुणीच बोललं नाही. मला वाटतं ती सगळ्यात पक्की जमेची बाजू आहे. हाडं मोडल्यासारखं नाचायचा एक प्रकार असतो, बोन ब्रेकिंग म्हणतात, सांधे उलटे फिरवायचे. त्यातल्या लोकांकडनं त्या हालचाली बसवून घेतल्या. म्हणून माणूस उठताना आधी खांदा उठतो, मग मान, मग बाकीचं अंग. संगणकावर केलेलं असतं तर ते कळलं असतं. जिथं संगणक जास्त वापरलाय, म्हणजे शेवटी इंजिनाला लटकलेली झोंबींची शेपटी, तिथं ते लगेच कळतं.

मला ते बघून सौंदत्तीच्या यात्रेत अंगात आलेली माणसं आठवली, तशीच मान फिरते.

मांडे_तूप :
नाईटशिफ्ट, हे बरं नाही. अंगात येणं ही आमच्या घरातल्या बायकांची श्रद्धा आहे. आमची आजी यल्लम्माला पायी जायची. झोंबी म्हणजे मेलेलं, रिकामं अंग. तिथं अंगात देवी येते. एक रिकामं होणं आणि एक भरणं, दोन्ही सारखं कसं म्हणता?

उद्यमबाग_नाईटशिफ्ट :
काकू, चुकलं. श्रद्धेला हात लावायचा नव्हता, हालचालीपुरतंच म्हणालो होतो. माझी आईपण जाते पौर्णिमेला. रिकामं आणि भरलेलं हे तुम्ही जे म्हणालात ते मला सुचलं नव्हतं.

मांडे_तूप :
राग नाही. लिहीत राहा, तुम्ही बारकाईनं बघता.

खानापूर_जंगल :
जरा जुनं खोदतो. १९६८ साली जॉर्ज रोमेरोनं झोंबी हळू चालवले. २००२ ला डॅनी बॉयलनं रोगी माणसं पळवली. तेव्हापासनं दोन गट आहेत, हळूवाले आणि पळवाले. मी हळूवाला. पळणारा झोंबी हा वाघ झाला, वाघापासनं पळून जाता येतं किंवा येत नाही, विषय संपला. हळू येणारा झोंबी तुम्हाला विचार करायला वेळ देतो आणि ती भीती वेगळी. जंगलात राहतो, दोन्ही प्रकारची भीती माहीत आहे. पण या पिच्चरमध्ये काचेमुळं पळणारे झोंबीपण थांबून उभे राहतात, तोंड काचेला लावून. पळवाल्यांत राहून हळूवाल्यांची भीती आणली. याचा दिग्दर्शक योन सांग-हो आधी ॲनिमेशनवाला माणूस, 'सोल स्टेशन' म्हणून याच गोष्टीच्या आधीची गोष्ट त्यानं ॲनिमेशनमध्ये केलीय. चित्र थांबवून बघायची सवय असणार.

कागवाड_ऊस :
याचा पुढचा भाग 'पेनिन्सुला' २०२० चा, तो कुणी दाखवू नका. नुसत्या गाड्या पळवल्यात, तोंडं लक्षात राहत नाहीत.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट :
याला शंभर टक्के अनुमोदन. तिथं बंदुका आल्या आणि जीव गेला.

तिसरं_गेट_टिळकवाडी :
रात्री कोरियन बघितला. बसू, तुमचं खरं आहे.

आणि माग दादा, ती पांढऱ्या उजेडातली आठवण. मी पण तुमच्यासारखीच नाक मुरडायची. पण या वेळी सुरुवात नीट बघितली. बाप पोरीला वाढदिवसाला जो खेळ आणून देतो तो तिच्याकडं आधीच आहे, त्यानंच दिलेला, त्याला आठवत नाही. शाळेत ती गाताना थांबते कारण बाप आलेला नसतो. गाडीत ती म्हातारीला जागा देते तर बाप म्हणतो अशा वेळी आधी स्वतःचं बघ, आणि ती म्हणते आजीचे गुडघे दुखायचे. म्हणजे या माणसाला पोरीचं काहीच आठवत नसतं. शेवटी त्याला जे आठवतं ते तिच्या जन्माचं, एवढंच त्याच्याकडं शिल्लक आहे. पियानो जास्त झालाय, मान्य. पण आठवण काढून टाकली तर सुरुवातीचं सगळं लोंबकळत राहील.

आणि ते गाणं. शाळेत अर्धं राहिलेलं, ते बोगद्यात पूर्ण होतं.

शहापूर_माग :
ताई, यावर मी रात्रभर विचार केला. पियानो खटकतो एवढंच ठेवतो, आठवण काढून टाका म्हणत नाही.

रोग कुठनं आला याबद्दल कुणाला काही म्हणायचंय का? माझं मत अजून तेच आहे. बाप ज्या फंडात काम करतो त्या फंडानंच, जिथनं रोग बाहेर पडला त्या बायोटेक कंपनीला उभं केलं, हे एका फोनवर कळतं, तो बाथरूममध्ये रक्त धुतो, रडतो आणि विषय संपतो. एवढा मोठा धागा, ताणाला लावला आणि विणलाच नाही.

निपाणीकर :
बरोबर. तिथं अजून पाच मिनिटं पाहिजे होती. मागनं बेसबॉलची पाच मिनिटं कापली असती तरी चाललं असतं.

लोंढा_जंक्शन :
कापू नका काही. गाडी वेळेवर आहे.

शहापूर_माग :
मंडळी, काल झाला पिच्चर. सांगतो.

बेचाळीस माणसं आली. नेहमीच्या भिंतीला ओल आलीय म्हणून पडदा आमच्या मागावरचाच केला, कोरं कापड, दोन पन्ने जोडून. शिवण बरोबर मधोमध आली आणि प्रत्येक तोंडावरनं एक रेघ गेली. पहिली दहा मिनिटं मला तेवढंच दिसत होतं, मग विसरलो. आवाजाला गणपती मंडळाचे दोन स्पीकर. कोरियन लावला. लोंढा काकांनी सांगितल्याप्रमाणे म्हाताऱ्यांच्या शेजारी कॉलेजची पोरं बसवली, आणि सगळ्या हॉलमध्ये हळू आवाजात कुजबुज चाललेली, ऐकायला त्रास झाला नाही, उलट बरं वाटलं. पोरीनं पहिल्यांदा आप्पा म्हणून हाक मारली तेव्हा दोन-तीन जणांनी एकमेकांकडं बघितलं. मी काही सांगितलं नव्हतं.

बारा वर्षांखालची पोरं आईबापांशेजारी बसवली. दोघं देजॉनच्या सीनला उठून गेली आणि परत आली.

पंधरा नंबरच्या डब्याला हॉल एकदम गप्प झाला. म्हातारीनं दार उघडलं तेव्हा मागनं एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, "उघड." कानडीत नाही, मराठीत, स्पष्ट. नंतर चहाला त्यांना विचारलं तर म्हणाल्या, मी कधी म्हणाले?

माझी दहा मिनिटं दोन मिनिटांत संपली. सोंग-क्योंग, बोगदा, घड्याळ एवढंच बोललो आणि विचारलं, म्हातारीनं बरोबर केलं का. मग पाऊण तास मला बोलायलाच मिळालं नाही. निपाणीकर, तुमचं नाव न घेता बाभळीचं सांगितलं, तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं, राग मानू नका. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या एकानं सांगितलं की आपण कुणाला आत घेतलं नव्हतं. नाव घेऊन सांगितलं. ती माणसं तिथंच बसली होती.

साहेबाबद्दल मी माझं मत मागं घेतलं. पियानोबद्दल नाही.

शेवटी एका पोरानं विचारलं, बोगद्यातनं चालत येणाऱ्या पोरीवर आणि सोंग-क्योंगवर फौजींनी गोळी का नाही झाडली. मी म्हणालो पोरगी गात होती, झोंबी गात नाहीत. तो म्हणाला, पण तिनं गायलं नसतं तर? मला उत्तर देता आलं नाही.

निपाणीकर :
राग नाही. सांगितलंत ते बरं झालं.

गोकाकचा_बसू :
पुढच्या महिन्यात मीपण येतो री. गोकाकहून शेवटची बस किती वाजता असते ते बघून सांगतो, नाहीतर मुक्काम करावा लागेल.

शहापूर_माग :
मुक्काम आमच्याकडं. विचारायचं नाही.

मांडे_तूप :
पुढच्या वेळी पडद्याचे पन्ने आडवे जोडा, शिवण खाली जाईल. आणि कोरं कापड आहे तर आधी एकदा खळ काढून धुवून घ्या, उजेड चांगला पडतो.